आत्मनिवेदनपर कादंबरी

कादंबरीतलेच एखादे पात्र ‘मी’ होऊन सगळी हकीकत सांगते, त्या कादंबरीचे हे नाव. मराठीत या रूपाचा पहिला मोठा आविष्कार म्हणजे ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’. ‘करमणूक’ साप्ताहिकात १८९० पासून ती क्रमशः येऊ लागली. प्रथमपुरुषी निवेदन वाचकाला जवळचे वाटते आणि म्हणून लेखक ते पत्करतात, असे सर्रास सांगितले जाते. पण जवळीक काय, चांगला तृतीयपुरुषी निवेदकही साधतो. या रूपाचा कस लागतो तो भाषेवर. ‘मी’ म्हणणाऱ्याचे बोलणे उचलून दुसऱ्याच्या तोंडी घातले आणि काही बिघडले नाही, तर ते आत्मनिवेदन क्रियापदाच्या रूपापुरतेच उरले म्हणायचे. शैली आणि रूपबंध यांची इथे फारकत करता येत नाही.

हरिभाऊ आपट्यांची निवेदिका यमू या कसाला बरीचशी उतरते. तिची मराठी माजघरातली आहे. लहानपणीचे रुसवेफुगवे, दादाशी झालेली भांडणे, सासरच्या माणसांचे टोमणे हे सारे ती ज्या लयीत सांगते, ती लय सुधारकांच्या निबंधात सापडणार नाही. म्हणूनच वैधव्य आणि सक्तीचे केशवपन इथवर कथा येते, तेव्हा वाचकाला एखादा सामाजिक प्रश्न मांडला जातोय असे न वाटता ओळखीच्या मुलीवर घाला पडल्यासारखे वाटते. अर्थात काही ठिकाणी यमूच्या आडून हरिभाऊंचे व्याख्यान ऐकू येते. ती पाने जड होतात ती विचारांमुळे नव्हे, बोलणारा बदलल्यामुळे.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्णही बोलतात. रचना आकर्षक आहे, कारण एकाच घटनेला अनेक साक्षीदार मिळतात. पण अडचण अशी की ‘ययाति’त राजा, राणी आणि दासी झालेली राजकन्या या तिघांची वाक्ये एकाच साच्यातून निघतात. प्रकरणाच्या माथ्यावरचे नाव झाकले तर बोलणारे माणूस प्रसंगावरून ओळखावे लागते, बोलीवरून नव्हे. यावर उत्तर दिले जाते की पौराणिक पात्रांनी भारदस्त बोलणे हा संकेतच आहे, आणि कर्ण कसा बोलत होता हे कुणाला ठाऊक? संकेत मान्य. पण भारदस्तपणातही एकाचे वाक्य तुटक, दुसऱ्याचे लांबण लावणारे असू शकते. एकाला अपमान दिसेल, दुसऱ्याला आभाळ. या कादंबऱ्यांची अफाट लोकप्रियता त्यांच्या कथावस्तूची आणि भावनिक आवेगाची आहे. ‘मी’च्या वापराचे श्रेय त्यात थोडेच.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) नेमकी इथे वेगळी पडते. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ असले शब्द जागोजाग पेरत बोलतो. ती नुसती लकब नाही. कुठल्याच गोष्टीला शेवटचा अर्थ द्यायचा नाही, ही त्याची वृत्ती त्या शब्दांत वाक्यावाक्यातून उतरते. एका भागात रोजनिशी येते, एके ठिकाणी इतिहाससंशोधकांच्या भाषेची टर उडवली जाते. मात्र धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तिथे त्या टवाळीचा टिकाव लागत नाही. पांडुरंगसारखे नेमाडेही सांगवीचेच, तेव्हा ही उघडउघड आत्मकथाच, असा एक आक्षेप आहे. पण नुसती आत्मकथाच सांगायची असती, तर इतकी सोंगे घ्यायची गरज नव्हती. दुसरा आक्षेप सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी (१९५१) असलेल्या साम्याचा. तिथे निवेदक होल्डनने भाऊ गमावलेला आहे, इथे पांडुरंगने बहीण. प्रेरणा नाकारायचे कारण नाही. मात्र होल्डन अथपासून इतिपर्यंत एकाच सुरात बोलतो, पांडुरंगचा सूर पदोपदी पालटतो, आणि त्या पालटण्यातूनच ‘कोसला’चा रूपबंध घडतो. पुढे ‘कोसला’च्या अनुकरणात ‘वगैरे’ उदंड आले, त्यामागची वृत्ती क्वचितच. खुद्द नेमाड्यांनी ‘बिढार’पासून (१९७५) सुरू झालेल्या चांगदेव पाटलाच्या कादंबऱ्यांत ‘मी’ सोडून तृतीयपुरुषी निवेदन पत्करले.