नगरचे पेट्रोल, आष्टीचे पेट्रोल

आमच्या आष्टीत एक समजूत पूर्वापार चालत आली आहे. कामानिमित्त नगरला गेलेला माणूस परत निघताना गाडीची टाकी भरून घेतो. कारण विचारले तर दोन उत्तरे येतात. एक, नगरला लिटरमागे काही पैसे वाचतात. दुसरे, ‘नगरचे पेट्रोल चांगले, गाडी पळते.’ या दुसऱ्या उत्तराला पुन्हा पोटभेद आहेत. कोणी अमुक कंपनीच्याच पंपावर थांबतो, कोणाला फक्त खासगी कंपनीचा पंप चालतो, तर कोणी हायवेवरच्या, ट्रकांची रांग असलेल्या पंपाशिवाय नोझल लावू देत नाही. मीही पंचवीस वर्षे यातलाच. १९९० च्या दशकात माझ्याकडे दोन स्ट्रोकची जुनी दुचाकी होती. एका पंपावर (तो कुठला, ते सांगत नाही) टाकी भरली की आठवड्यात प्लग काळा पडायचा. गॅरेजवाला प्लग हातात घेऊन नुसता वास घ्यायचा आणि म्हणायचा, “रॉकेल.”

त्या एका शब्दापासून हा शोध सुरू झाला. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी नाही. बारावीनंतर कॉलेज सुटले. राजपत्रातील अधिसूचना, जिल्ह्याची गॅझेटिअरे, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि पंपांवर काढलेले तास, एवढेच माझे भांडवल. प्रश्न साधा होता : पंपावरच्या पाटीनुसार पेट्रोल खरोखर बदलते का? आणि बदलत नसेल, तर नगरचे पेट्रोल चांगले हे आमच्या डोक्यात बसले कसे?

आधी पाट्यांचा इतिहास. जुनी माणसे अजूनही पंपाला ‘बर्मा शेल’ म्हणतात. ती कंपनी १९२८ ची. तिच्या जोडीला स्टॅनव्हॅक, म्हणजे पुढची एस्सो, आणि कॅलटेक्स. घासलेटच्या डब्यांवरून ही नावे खेडोपाडी पोचली होती. तुर्भ्याला एस्सोचा शुद्धीकरण कारखाना १९५४ मध्ये आणि बर्मा शेलचा १९५५ मध्ये सुरू झाला. मग १९७४ मध्ये एस्सोची हिंदुस्थान पेट्रोलियम झाली, १९७६ मध्ये सरकारने बर्मा शेल घेतली आणि तिची भारत पेट्रोलियम झाली, कॅलटेक्सही पुढे हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विरली. इंडियन ऑइल आधीपासून सरकारीच. म्हणजे तीन रंगांच्या तीन पाट्यांमागे मालक एकच, भारत सरकार.

मालही बराचसा सामायिक. एका कंपनीचा कारखाना जिथे नाही तिथे ती दुसरीच्या कारखान्यातून किंवा डेपोतून माल उचलते. हिशोब कागदावर फिटतो. मुंबईहून निघालेली नळवाहिनी मनमाडजवळच्या पानेवाडीला येते आणि तिथून टँकर भरतात. आपल्याकडे नगरजवळ अकोळनेरचा डेपो. पेट्रोल कोणाचेही असो, ते ‘आयएस २७९६’ या एकाच भारतीय मानकात बसावे लागते. फरक पडतो तो पुडीपुरता. २००२ च्या सुमारास भारत पेट्रोलियमने ‘स्पीड’, हिंदुस्थान पेट्रोलियमने ‘पॉवर’ आणि इंडियन ऑइलने ‘एक्स्ट्रा प्रीमियम’ आणले. साध्या पेट्रोलमध्ये इंजिनाचा आतला भाग स्वच्छ ठेवणारी रसायने थोड्या प्रमाणात मिसळायची आणि लिटरला जास्त पैसे घ्यायचे, असे ते गणित. त्या रसायनांचा काही उपयोग होतो, हे खोटे नाही. पण सरकारने अशा नाममुद्रेच्या इंधनावर अबकारी करही जास्त लावला, त्यामुळे भावातले अंतर वाढले आणि गिऱ्हाईक पुन्हा साध्या नोझलकडे वळले. जास्त ऑक्टेनचे महागडे पेट्रोल तर उच्च दाबाच्या इंजिनांसाठी असते. आमच्या तालुक्यातल्या दूधवाल्याच्या मोटारसायकलला त्याने काहीही होत नाही, खिशाला मात्र होते.

हा वाद आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये किराणा मालाची मोठी दुकाने आवारातच पेट्रोल विकतात आणि ते नामांकित तेल कंपन्यांपेक्षा स्वस्त असते. तिथेही निम्मे लोक म्हणतात की स्वस्त पेट्रोल पातळ असते. फ्रान्समध्ये लेक्लेर या दुकानसाखळीने सरकारने ठरवलेल्या किमान भावापेक्षा स्वस्त पेट्रोल विकले आणि ते प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. निकाल १९८५ चा. त्या दुकानांना पेट्रोलवर नफा थोडा चालतो, कारण टाकी भरायला आलेला माणूस आठवड्याची भाजी-ब्रेड घेऊन जातो. आपल्याकडे त्या जागी कोण, याचा विचार केला तर डोळ्यांसमोर येतात तालुक्याचे खरेदी-विक्री संघ आणि साखर कारखाने. खत, बियाणे आणि पेट्रोल एकाच संस्थेकडे. पण या सहकारी पंपांना स्वस्त विकण्याची मुभा नव्हती. भाव कंपनी ठरवी, कंपनीचा भाव सरकार ठरवी.

खासगी कंपन्या आल्यावर हे बदलेल असे वाटले होते. १ एप्रिल २००२ पासून सरकारी भावनियंत्रणाची जुनी पद्धत कागदोपत्री संपली, आणि रिलायन्स, एस्सार, शेल यांचे पंप दिसू लागले. चकचकीत फरशी, स्वच्छ संडास, ट्रकचालकांसाठी ढाबा. पण कच्चे तेल महागले तेव्हा सरकारी कंपन्यांनी तोटा सोसून भाव खाली ठेवले, तो तोटा सरकारने काही अंशी भरून दिला, आणि खासगी कंपन्यांना तो मिळाला नाही. २००८ मध्ये रिलायन्सने आपले पंप बंद केले. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये खुले झाले. १६ जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. तरीही मार्च २०२२ पर्यंत सरकारी पंपांवरचे भाव साडेचार महिने हललेच नाहीत. त्या वेळी खासगी पंप महाग झाले किंवा त्यांनी विक्री आखडती घेतली, आणि सगळी गर्दी सरकारी पंपांवर आली. पुढच्याच वर्षी उलट चित्र : २०२३ मध्ये नायरा आणि जिओ-बीपी यांनी लिटरला एक रुपया कमी घेऊन गिऱ्हाईक ओढले. म्हणजे ‘खासगी पेट्रोल महाग’ किंवा ‘खासगी पेट्रोल स्वस्त’ ही दोन्ही विधाने त्या त्या वर्षापुरती खरी आहेत.

आता नगर आणि आष्टीच्या भावाबद्दल. हे अंतर समजून घ्यायला जुनी सरहद्द आठवावी लागते. सप्टेंबर १९४८ पर्यंत आष्टी निजामाच्या मुलखात, मोगलाईत. नगर इंग्रजी अमलाखाली. जामखेड तालुक्याची इंग्रजी गावे तर मोगलाईत बेटांसारखी विखुरलेली. सरहद्दीवर निजामाच्या करोडगिरी खात्याचे नाके. मालावर जकात बसे, म्हणून चोरवाटेने माल येई. ‘नगरला स्वस्त’ ही आमच्याकडची समजूत पेट्रोलपेक्षा जुनी असावी, असे मला वाटते. कापडाबद्दल, साखरेबद्दल तेच ऐकत आम्ही वाढलो.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्यानंतर आष्टी आणि नगर यांच्यावरचा राज्याचा कर एकच. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत मूल्यवर्धित कर थोडा जास्त होता. ते अंतरही जुलै २०२४ मध्ये मिटवण्यात आले. मग आपल्या दोन गावांत फरक उरतो तो टँकरच्या भाड्याचा. डेपोपासून जितके किलोमीटर, तितके पैसे. याची सर्वांत बोलकी साक्ष परभणी. तिला माल मनमाडहून येतो, अंतर सुमारे ३४० किलोमीटर. म्हणून देशातल्या महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचे नाव पुन्हा पुन्हा येई. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या आधी तिथे पेट्रोल नव्वद रुपयांवर गेले. राजस्थानातल्या श्रीगंगानगरचे दुखणेही तेच. गोदावरीच्या खोऱ्यातला शेतकरी मुंबईच्या मोटारमालकापेक्षा लिटरला जास्त पैसे मोजतो, ते मराठवाड्यात तेलाचा डेपो मनमाडइतका जवळ नाही म्हणून.

एक उपकर मात्र आमच्या जिव्हाळ्याचा आहे. १ ऑक्टोबर २०१५ पासून राज्याने दुष्काळासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये वाढवले. दुष्काळ आमचा. आष्टी तालुक्यात त्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर धावत होते आणि ते डिझेलवरच धावतात. दुष्काळ निवारणाचे दोन रुपये दुष्काळात पाणी पोचवणाऱ्या टँकरच्या टाकीतूनही गेले. हे कोणाच्या लक्षात आले की नाही, ठाऊक नाही.

भाव झाला. आता त्या काळ्या प्लगकडे येतो. रेशनचे रॉकेल सरकार स्वस्त देत होते, गरिबाच्या चुलीसाठी आणि चिमणीसाठी. हेतू चांगला. पण २०११ च्या सुरुवातीला रेशनचे रॉकेल बारा-तेरा रुपये, डिझेल चाळिशीच्या आसपास आणि पेट्रोल साठीच्या घरात, असे तीन भाव एकाच तालुक्यात असतील तर काय होईल? रेशनचे रॉकेल निळ्या रंगाचे करण्यात आले. रंग उडवण्याच्या युक्त्या निघाल्या. ऑक्टोबर २००६ मध्ये रॉकेलमध्ये एक अदृश्य खूणद्रव्य घालायला सुरुवात झाली, ते भेसळीत आढळले की पंप पकडायचा. ती योजना सव्वादोन वर्षांत गुंडाळली गेली. पेट्रोलमध्ये रॉकेल घातले तर घनतेवरून कळते, कारण ते जड. डिझेलमध्ये घातले तर ओळखणे अवघड, दोघांची घनता जवळजवळ. म्हणून काळ्या-पिवळ्या जीपा आणि मालट्रक यांच्या टाकीत काय असे, ते चालकांनाही कळत नसे. कधी कधी मात्र चालकच ते ओतत असत, हेही सांगायला हवे.

या व्यापारात माणसे मारली गेली. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला नोव्हेंबर २००५ मध्ये इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांना भेसळ पकडल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. आणि २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, पानेवाडीजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना टँकरमधून तेल काढणाऱ्यांनी जिवंत जाळले. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. पुढचे काही आठवडे सगळीकडे छापे पडले. पानेवाडी म्हणजे मराठवाड्याच्या टाक्यांचे मूळ. माझ्या दुचाकीतला रॉकेलचा वास मला तेव्हापासून विनोदी वाटेनासा झाला. पुढे जुलै २०१६ पासून रॉकेलचा भाव पंचवीस-पंचवीस पैशांनी चढत गेला, २०२० पर्यंत सवलत संपली, आणि रॉकेल मिसळण्यातला फायदा खूप घटला. छाप्यांनी झाले नाही ते भावाने केले. त्या काळात ज्यांच्या घरी गॅस नव्हता त्यांनी याची किंमत मोजली, तो वेगळ्या लेखाचा विषय.

इथपर्यंत माझे उत्तर तयार होते : पाटीने फरक पडत नाही, पंपमालकाच्या नियतीने पडतो. मग एका अधिसूचनेने मला थांबवले.

१ एप्रिल २०१० पासून तेरा महानगरांत आणि शहरांत ‘भारत स्टेज चार’ दर्जाचे इंधन देण्यात आले. महाराष्ट्रातली तीन नावे : मुंबई, पुणे आणि सोलापूर. तिथल्या पेट्रोलमध्ये गंधक दशलक्ष भागांत जास्तीत जास्त ५०. उरलेल्या मुलखाला ‘भारत स्टेज तीन’, म्हणजे पेट्रोलमध्ये १५० आणि डिझेलमध्ये ३५०. सोलापूर आष्टीच्या एका बाजूला, पुणे दुसऱ्या बाजूला, आणि आष्टी उरलेल्यांत. सगळ्या देशाला स्टेज चार मिळाले १ एप्रिल २०१७ रोजी. सात वर्षे. त्याच्याही मागे गेलो तर शिसे भेटते. शिसेविरहित पेट्रोल चार महानगरांत एप्रिल १९९५ मध्ये आले. देशभर ते मिळाले १ फेब्रुवारी २००० पासून. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, हे तेव्हा जगाला ठाऊक होते. ज्या वर्षांत मी प्लगचा वास घेत होतो, त्याच वर्षांत वेशीजवळ स्टँडवर गाड्यांच्या धुरात उभी राहणारी आमची पोरे शिसे घेत होती, आणि ते कुठल्याही पंपमालकाने मिसळलेले नव्हते.

तेव्हा म्हातारी माणसे चूक नव्हती. पेट्रोल खरोखर दोन प्रकारचे होते. फक्त ते कंपनीवर नव्हे, तर पंप कोणत्या गावात आहे यावर ठरत होते, आणि ठरवणारे सरकार होते. कारण दिले गेले ते कारखाने सुधारायला लागणाऱ्या पैशांचे आणि वेळेचे. ते खोटे नाही. पण थांबायचे कोणी, हे ठरवताना क्रम नेहमी एकच राहिला.

‘भारत स्टेज सहा’ मात्र तसे आले नाही. स्टेज पाच वगळून, दिल्ली आणि तिचा परिसर सोडला तर सगळ्या देशात एकाच दिवशी, गंधक १० वर. तो दिवस १ एप्रिल २०२०. देश टाळेबंदीत होता, रस्ते मोकळे, आमच्या पंपावर पोरगा नोझल अडकवून खुर्चीत बसलेला. सतरा एप्रिलला राज्याने लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना गावी परतायला परवानगी दिली. त्यानंतरच्या दिवसांत ट्रक आणि ट्रॅक्टर कोयते, भांडी, बैल आणि माणसे घेऊन कड्याच्या रस्त्याने आष्टीत शिरले. त्यांच्या टाक्यांत मुंबईच्या दर्जाचेच डिझेल होते.