हौसेची धाव आणि पोटाची धाव

कोजागिरी उलटली की आमच्या चंद्रपूरची हवा पालटते. एरवी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढला म्हणजेच ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रांत छापून येते, त्या गावात मार्गशीर्षाच्या सकाळी कानटोप्या घातलेली माणसे रस्त्याने धावताना दिसू लागतात. त्यांत डॉक्टर असतात, मास्तर असतात, वीजकेंद्रातले आणि कोळसाखाणीतले नोकरदार असतात. धावणाऱ्यांच्या या मंडळात मीही आहे, आणि बहुतेक वेळा सर्वांच्या मागे आहे. थंडीच्या तीन-चार महिन्यांत कुठे १०, कुठे २१ किलोमीटरांच्या शर्यती असतात. पैसे भरून नाव नोंदवायचे, छातीवर क्रमांक लावायचा आणि शेवटी गळ्यात पदक घालून घ्यायचे. पहिल्यालाही पदक आणि मलाही पदक! पुण्या-मुंबईकडे नसलेला एक नियम मात्र आम्ही पाळतो. चांगले उजाडल्याशिवाय गावाबाहेरच्या वाटेला लागायचे नाही. हा ताडोब्याचा मुलूख आहे. मागे वाघ लागला तर वेळ उत्तम लागेल, पण ती सांगायला धावणारा उरला पाहिजे.

आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध गृहस्थ हे सारे पाहून म्हणतात, "पैसे देऊन धावता? आमच्या वेळी धावण्याचे पैसे मिळत." ते थट्टेने बोलतात, परंतु इतिहास पाहू गेल्यास म्हातारबुवांचे म्हणणे खरे आहे. आपल्याकडे धावणे हा पुष्कळ काळ पोटाचा धंदा होता. पेशवाईत पत्रे घेऊन जासूद धावत. पुढे इंग्रजी अमदानीत टपालाची थैली खांद्यावर टाकून डाकवाले धावू लागले. हातात भाला आणि भाल्याला घुंगरू, म्हणजे रानातले जनावर आवाजाने बाजूस व्हावे. टप्पा आला की थैली दुसऱ्याच्या खांद्यावर जाई. या माणसांनी आयुष्यभरात किती कोस तुडवले असतील, कोण जाणे! टपाल वेळेवर पोचले की नाही याची नोंद होई. माणूस किती वेगाने धावला, हे कोणी कशाला लिहून ठेवील?

ती नोंद घेणारे घड्याळ आपल्या मराठी धावणाऱ्याच्या वाट्याला कसे आले, ती हकिगत मोठी गमतीची आहे. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. पुढे सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष झाले. विलायतेत शिकलेल्या टाटांना मैदानी खेळांचा नाद होता. जिमखान्याच्या शर्यती त्यांनी पाहिल्या, तेव्हा भाग घेणारी पोरे बहुतेक शेतकऱ्यांची निघाली. साधे अन्न, अनवाणी पाय, तापून कडक झालेली जमीन, आणि युरोपातल्या नियमांची गंधवार्ता नाही. १०० मीटरांची शर्यत सरळ रेषेत धावायची सोडून वळणावरून धावायचा बेत चाललेला! तरीही टाटांना दिसले ते असे की, लांब पल्ल्याच्या धावण्यात या पोरांच्या वेळा युरोपातल्यांशी तुलना करण्याजोग्या आहेत.

त्यातून १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला माणसे पाठवण्याची कल्पना निघाली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी पाठिंबा दिला आणि खर्चाचा मोठा भार टाटांनी स्वतः उचलला. अशी गोष्ट सांगतात की, १०० मीटर किती वेळात धावावे लागतील, असे विचारता जिमखान्याच्या एका सभासदाने उत्तर दिले : एक ते दोन मिनिटे! तिथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या दशांशांचा हिशेब असतो हे कळल्यावर ते गृहस्थ थक्क झाले. मला या सभासदाबद्दल फार आपुलकी वाटते.

निवड होऊन जे गेले त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कैकाडी होते. बंगालचे पूर्मा बॅनर्जी आणि नवले व शिंदे हे दोन पैलवानही होते. मॅरेथॉन झाली २२ ऑगस्ट १९२० रोजी. आजची ४२.१९५ किलोमीटरांची ठरीव लांबी १९२१ साली कायम झाली. त्याआधी दर वेळी अंतर थोडे इकडेतिकडे होई, आणि अँटवर्पला ते ४२.७५ किलोमीटर होते. आजवरच्या ऑलिंपिक मॅरेथॉनांत एवढी लांब दुसरी नाही. फिनलंडच्या हॅनेस कोलेमाइननने ती २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत जिंकली. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. १९ या आकड्याला वर्तमानपत्रांच्या मथळ्यात जागा नसते. पण आजचे हलके बूट आणि मनगटावरचे घड्याळ असूनही आमच्या मंडळात पुरी मॅरेथॉन ३ तासांच्या आत धावलेला एकही सभासद नाही, म्हणून मी तो आकडा आदराने लिहितो आहे.

त्या काळचे ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असे. ऐकायला हे फार उदात्त वाटते. परंतु हौशी म्हणजे कोण? नौकानयनासाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडातील हेन्लीच्या शर्यतींसाठी १८७९ साली जी व्याख्या केली, तिच्यात कारागीर, यांत्रिक आणि मजूर यांना हौशी मानण्याचेच नाकारले होते. जो हातांनी कष्ट करून पोट भरतो, तो हौशी कसा असेल, असा तो न्याय! अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ साली दोन सुवर्णपदके जिंकली, आणि पूर्वी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता म्हणून ती पुढच्याच वर्षी काढून घेण्यात आली. हौस हा शब्द गोड खरा, पण तिला रिकामा वेळ लागतो आणि भरलेले पोट लागते. हेन्लीचा नियम पुण्यात लावला असता तर टाटांना शर्यतीला पोरगे सापडले नसते.

आता आमच्या बाजूला पाहा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा निघालेला गडचिरोली जिल्हा जंगलाचा आहे, आणि तिथे पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली हौसेने धावत नाहीत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर. एकेका सेकंदावर गुण, आणि त्या गुणांवर घराचे पुढचे सारे. पुष्कळांच्या पायांत बूट असतात ते भावाचे किंवा मैत्रिणीचे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी कविता राऊत हिने २०१० च्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरांचे रौप्यपदक मिळवले, तेव्हापासून रानातल्या पायांत काय दडलेले असते हे सर्वांस ठाऊक झाले आहे. तरी आमच्या शर्यतींचे नोंदणीशुल्क भरणे या मुलांना परवडत नाही. हेन्लीचा नियम कागदावरून गेला. शुल्काच्या रूपाने तो अजून दारात उभा आहे, असे माझे मत आहे.

मागच्या हिवाळ्यापूर्वी मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की, भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून शुल्क घेऊ नये. बराच वेळ चर्चा झाली. पदकांचा खर्च, चहा-केळ्यांचा खर्च, सारे निघाले. शेवटी एक सभासद कळवळून म्हणाले, "अहो, ही पोरे आली तर पहिले पंचवीस क्रमांक त्यांचेच! मग आपण धावायचे कशाला?"

मी त्यांना विचारले, "भाऊसाहेब, पहिल्या पंचविसांत आपण कधी होतो?"

सगळे हसले, भाऊसाहेबही हसले, आणि ठराव मंजूर झाला.