कडबा कापणारे चाक

एखाद्या प्रदेशाने स्वतःच्या गरजेपोटी घडविलेली आरंभीची यंत्रे पाहिली, म्हणजे तेथील माणसाच्या रोजच्या कष्टांचा बराचसा अंदाज येतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सीडर वृक्षांची घनदाट अरण्ये होती. तेथील घरे लाकडाच्या पातळ फळकुटांनी, म्हणजे लाकडी कौलांनी शाकारीत. पूर्वी कारागीर ओंडक्यावर पाते टेकवी, वरून मोगरीचा घाव घाली आणि एकेक कौल चिरून काढी. एकोणिसाव्या शतकात ह्या कामी यंत्र आले. फिरत्या करवतीपुढे लाकडाचा ठोकळा सरके, एक कौल कापून पडे आणि ठोकळा लगेच किंचित कलता होई. त्यामुळे प्रत्येक कौल एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास पातळ उतरे आणि छपरावर एकाच्या पाठीवर दुसरे नीट बसे.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलखाला लाकडी कौलांची गरज नव्हती. पश्चिमेकडे मातीची कौले होती आणि पूर्वेकडे मातीचीच धाबी होती. आपल्याकडचे रोजचे कापणे निराळे होते. ते होते कडब्याचे. निपाणी म्हटले की प्रथम तंबाखू आठवतो. परंतु तंबाखूवर बैल जगत नाही. बैल जगतो तो शाळूच्या कडब्यावर. सुगी झाली की कडब्याच्या पेंढ्या बांधून त्यांची गंजी रचावयाची आणि पुढच्या पावसापर्यंत ती पुरवावयाची, हा इकडच्या शेतकऱ्याचा वार्षिक ताळेबंद होय. धान्याचे पेव माणसांसाठी आणि कडब्याची गंजी जनावरांसाठी. दोहोंपैकी एक जरी आधी संपले, तरी घर अडचणीत येणारच.

आता पेंढी तशीच गव्हाणीत टाकली, तर जनावर काय करते? पाने खाते, वरचा कोवळा भाग खाते आणि बुंध्याकडचा जाड भाग पायाखाली तुडविते. सकाळी ती उरलेली चघळ झाडून उकिरड्यावर जाते. हा अपव्यय टाळावा, म्हणून घरातला कोणी तरी ओंडक्यावर पेंढी धरून कोयत्याने तिचे तुकडे करीत बसे. काम कंटाळवाणे आणि हात दुखविणारे. शिवाय ते कधी संपत नसे. आजची वैरण कापून झाली, तरी जनावर उद्या पुन्हा भुकेलेलेच!

ह्या साध्या गोष्टीला त्या काळात किती महत्त्व होते, हे समजण्यासाठी दोन सालांची आठवण ठेवली पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन्ही वर्षी मुंबई इलाख्यावर भीषण दुष्काळ कोसळला. दुष्काळात प्रथम वैरण संपते. वैरण संपली की जनावरे जातात. बैल गेला की पाऊस पडूनही नांगर चालत नाही, आणि अशा रीतीने एका वर्षाचा दुष्काळ पुढील वर्षापर्यंत लांबतो. गव्हाणीत वाया जाणारी काडी ही त्या दिवसांत क्षुल्लक गोष्ट नव्हती.

त्या दुष्काळांच्या पाठोपाठ, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, बेळगावातील एका लहानशा कारखान्यात कडबा कापण्याचे यंत्र तयार होऊ लागले. ते तयार करणारे गृहस्थ म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. चित्रकार व्हावे ह्या हेतूने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंगांतील काही भेद त्यांच्या डोळ्यांस दिसत नाहीत, असे तेथे आढळून आले. रंगाची वाट बंद झाली, पण रेषेची राहिली. ते यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

इकडे बेळगावात १८८८ साली त्यांनी व त्यांचे वडील बंधू रामूअण्णा ह्यांनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. इतकेच नव्हे, तर शुल्क घेऊन त्या चालविण्यासही शिकवीत. पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. विलायती सायकल विकणे हा बरा धंदा होता; परंतु दुसऱ्याने घडविलेली वस्तू विकण्यात ह्या माणसाचे मन रमण्यासारखे नव्हते. स्वतः काही घडवावयाचे, तर घ्यावयास कोण आहे? चहूकडे शेतकरी. शेतकऱ्याला रोज काय लागते? ह्या प्रश्नाच्या उत्तरांपैकी एक म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र.

ह्या यंत्राची मूळ कल्पना बेळगावची नव्हे, हे सांगितले पाहिजे. घोड्यांसाठी गवताचे व भुशाचे बारीक तुकडे करणारी चाकाची यंत्रे इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस निघाली होती. परंतु कल्पना परकी असली, तरी ती येथल्या भट्टीत वितळवून येथल्या साच्यात ओतणे, हे काम सोपे नसते. ओतकाम जाणणारे कामगार मिळवावे लागतात, कोळसा आणि कच्चे लोखंड बाहेरून आणावे लागते, आणि मोडलेला भाग पुन्हा मिळेल अशी हमी गिऱ्हाइकाला द्यावी लागते. आपल्या गावात बनलेल्या यंत्राचा खरा उपयोग ह्या शेवटच्या गोष्टीत असतो. विलायती यंत्राचा दाता तुटला तर आगबोटीची वाट पाहावयाची. गावातल्या यंत्राचा तुटला तर बाजाराच्या दिवशी बदलून आणावयाचा.

यंत्राची रचना ज्याने पाहिली नसेल त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका उभ्या चौकटीवर मोठे जड चाक असते. चाकाच्या आऱ्यांवर दोन धारदार पाती बसविलेली असतात आणि चाकालाच फिरविण्याची मूठ असते. चाकाच्या मागे लांबट पन्हळ असते. तीत कडबा घालावयाचा. पन्हळीच्या तोंडाशी दातेरी रूळ एकावर एक असतात. चाक फिरले की दातेरी चक्रांच्या योगाने हे रूळही फिरतात, कडबा दातांत धरून हळूहळू पुढे ओढतात, आणि तोंडातून बाहेर डोकावणारा भाग पात्याने सटकन कापला जातो. रूळ किती वेगाने ओढतात, त्यावर तुकड्याची लांबी ठरते. चाक जड ठेवण्याचे कारण असे की, एकदा गती मिळाली म्हणजे जाड ताटावर पाते अडत नाही. चाकाचे वजनच ते पुढे रेटते. पात्याला बाक असतो, तोही उगाच नव्हे. सरळ पाते सगळी पेंढी एकदम दाबते. बाकदार पाते विळ्याप्रमाणे एका कडेने शिरून ओढत कापते, आणि म्हणून हाताला जोर कमी पडतो.

ह्याच कारखान्यात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला, आणि किर्लोस्करांचे नाव पुढे त्या नांगराने गाजले. परंतु आरंभी त्या नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. शेतकरी अडाणी होता म्हणून तो भ्याला, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते बरोबर वाटत नाही. कडब्याचे यंत्र बिघडले तर एका संध्याकाळची वैरण हाताने कापावी लागते; नांगराने जमीन बिघडली तर घरातल्या सर्वांचे वर्ष जाते. ज्याच्याजवळ दुसरे शेत नाही, त्याने आपल्या एकुलत्या शेतावर प्रयोग करू नये, ह्यात शहाणपणच आहे.

श्रोतेहो, ह्या कथेचा पुढचा भाग बेळगावकरांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. गावाची वाढ होत होती. नवी वसाहत वसविण्यासाठी नगरपालिकेस जागा हवी होती, आणि कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम लक्ष्मणरावांना मिळाला. त्यांच्याजवळ भांडवल थोडे होते. आज उभी केलेली भट्टी उद्या दुसरीकडे नेणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ. त्याच सुमारास औंध संस्थानात ते सभागृहाचे बांधकाम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जागा आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १९१० च्या मार्चमध्ये निवडुंगाने भरलेल्या, सापांनी गजबजलेल्या त्या माळावर मंडळी उतरली. आज तो माळ आणि ते स्टेशन ही दोन्ही किर्लोस्करवाडी ह्या नावाने ओळखली जातात. नांगरापाठोपाठ तेथे भुईमूग फोडण्याची व ऊस गाळण्याची यंत्रे, पुढे पंप आणि इंजिने तयार होऊ लागली. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

नगरपालिकेने कोणाचा द्वेष केला, असे नाही. गावाला घरे हवी होती आणि मोकळी जागा दिसत होती. परंतु त्या जागेवर जे चालले होते त्याचे मोल करण्याचे माप गावाजवळ नव्हते. काही कामगार, एक भट्टी आणि वैरण कापण्याची चाके. त्यात भविष्य आहे हे कोणी कसे ओळखावे? एका संस्थानिकाने ते ओळखले. बेळगावात आता किर्लोस्कर रोड आहे. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या शाळकरी मुलांस हे नाव कशावरून पडले, असे विचारले, तर फार थोड्यांना सांगता येते. गावाने ओतकामाची विद्या मात्र पुढे पुन्हा मिळविली. उद्यमबागेतील फाउंड्रींचे ओतीव भाग आज दूरदूरच्या कारखान्यांत जातात.

यंत्राची गोष्ट सांगताना त्याने घेतलेली किंमत सांगितली नाही, तर ती गोष्ट अर्धीच राहील. अमेरिकेत लाकडी कौले कापणाऱ्या कामगारांची ओळख त्यांच्या हातांवरून पटत असे; कारण पुष्कळांची बोटे करवतीने नेलेली असत. तेथील एव्हरेट गावी १९१६ साली ह्या कामगारांचा संप झाला आणि त्यातून पुढे रक्तपातही झाला. आपल्या कडब्याच्या यंत्राचेही तसेच. हाताने फिरविण्याचे चाक होते, तोवर थांबविणे बरेचसे माणसाच्या स्वाधीन होते. त्याला विजेची मोटर लागली, आणि दातेरी रुळांनी कडब्याबरोबर हात ओढला, तर चाक थांबत नाही. जवळ खेळणारे मूल सहज चाक फिरविते, ही तर हातयंत्राचीही भीती आहे. दिल्लीच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील संशोधकांनी उत्तर भारतातील खेड्यांत ह्या अपघातांची पाहणी केली आणि उपाय सुचविले. उपाय अगदी साधे आहेत: काम नसताना चाक खिळीने अडकवून ठेवावे, पात्यावर झाकण असावे, आणि रुळांच्या आधी हाताला इशारा देणारी एखादी आड योजना असावी. मळणीयंत्राने हात गमावणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांसंबंधी कायदा केला. परंतु गोठ्यात कायदा उभा नसतो. तेथे घरातलीच माणसे असतात.

म्हणून ज्यांच्या गोठ्यात असे यंत्र आहे त्यांनी आज संध्याकाळी वैरण कापून झाल्यावर चाकाला खिळ आहे की नाही, एवढे पाहावे. लोखंडाची एक लहानशी खिळ; गावचा लोहारही ती घडवून देईल. गव्हाणीत वाया जाणारी काडी ज्याच्या नजरेस पडली, त्याने बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र घडविले. त्याच बारकाईने यंत्राकडे पाहिले, तर एखाद्या मुलाचा हात वाचेल.