दहावा गडी आणि त्याचा बाण

पोलादपुराहून उमरठची वाट धरिली म्हणजे तानाजी मालुसऱ्याच्या समाधीपाशीं येतां येतें. तेथें येणाऱ्याच्या मनांत तलवार असते, दोर असतो, पोवाड्यांतली घोरपडही असते. बाण मात्र कोणाच्या स्मरणांत नसतो. परंतु 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीं सिंहगडावर जो मनुष्य चाहूल घेण्यास पुढें आला, त्याला उत्तर मिळालें तें बाणाचें, असें ग्रँट डफनें आपल्या 1826 सालच्या इतिहासांत लिहिलें आहे. पुढें गलका झाला तेव्हां तिरंदाजांनीं आवाजाच्या रोखानें बाण सोडले, असेंही तो सांगतो.

याच ग्रंथकारानें मावळ्यांच्या शस्त्रांविषयीं जें म्हटलें आहे, तें पुष्कळांच्या नजरेंतून निसटतें. दर दहांतील एक गडी बंदुकीऐवजीं तीरकमठा वागवी, आणि रात्रीच्या छाप्यांत बंदूक चालविण्याची मनाई असे तेव्हां त्याचा उपयोग होई. तोड्याच्या बंदुकीची जळती वात अंधारांत दिसते व बार दूरवर ऐकूं जातो. बाणाला या दोन्ही खोडी नाहींत. धनुष्य हें तेव्हां सरलेल्या युगाचें अडगळींतलें शस्त्र होतें, अशी जी आपली समजूत असते, ती या प्रांतापुरती तरी खरी नव्हे.

आतां या दहाव्या गड्याचा बाण कसा असेल? गड्याचें नांव इतिहासानें राखिलें नाहीं आणि बाणही राहिला नाहीं. तलवार टिकते, बांबूच्या काडीची सावित्रीच्या खोऱ्यांतल्या चार पावसाळ्यांत माती होते. आमच्या वाङ्मयानेंही पक्षपातच केला आहे : गांडीव, पिनाक, शार्ङ्ग अशीं नांवें धनुष्यांना, आणि बाण बिचारे भात्यांत मोजावयाचे. तरी ‘शर’ हें मुळांत बोरूच्या जातीच्या एका गवताचें नांव आहे. म्हणजे काडी निवडण्यापासून ही विद्या सुरू होते हें भाषेला ठाऊक होतें. इंग्लंडांत रॉजर ॲस्कमनें 1545 मध्यें धनुर्विद्येवर ग्रंथ लिहिला, त्यांतही काडीचें लांकूड आणि पिसें यांचा विचार मोठ्या आस्थेनें केला आहे.

याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. साध्या कमठ्यावर बाण मधोमध बसत नाहीं, दांड्याच्या एका बाजूस टेकतो. दोरी सुटतांच मागून रेटा बसून काडी वांकते, दांड्याला वळसा घालते आणि डोलत डोलत सरळ होते. काडी फार ताठ असली तर ती टेकलेल्या बाजूकडे भरकटते. फार लवचीक असली तर उलट बाजूकडे. नवशिका मात्र आपल्या हातास दोष देतो. जोरदार कमठ्याला ताठ काडी आणि हलक्याला लवचीक, हा पहिला नियम. टोंक जड केलें कीं काडी अधिक वांकते, लांबी कापली कीं ताठ होते. बाण कमठ्याशीं जुळवून घेण्याचे हे दोन मुख्य उपाय. नवशिक्यानें कापण्याची घाई मात्र करूं नये. त्याची ओढ अजून ठरलेली नसते, आणि आंखूड बाण दांड्याच्या मागें ओढला गेला तर हातांत घुसतो. वजनही फार कमी नको. 25 पौंड ओढीच्या शिकाऊ कमठ्याला सुमारें 16 ग्रॅमचा बाण शोभतो. फारच हलका घेतल्यास उरलेला जोर कमठ्याच्या अंगावर येऊन तो एके दिवशीं तडकतो. बांबू वाळवून, विस्तवावर शेकून हातानें सरळ करावा. पिसें तिन्ही एकाच बाजूच्या पंखांतलीं घ्यावींत, डावीं-उजवीं मिसळूं नयेत. संस्कृत कवींना प्रिय असलेलीं गिधाडाचीं पिसें आज वर्ज्य, कारण गिधाडें कायद्यानें संरक्षित आहेत, टर्कीचीं चालतात.

हें ज्ञान या डोंगरांत ग्रंथावांचून नांदत होतें. कातकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या तीरकमठ्यानें शिकार केली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आली, तें योग्यच झालें. पण शिकारीबरोबर काडी पारखणारी नजरही जात आहे, आणि ती टिपून ठेवण्याची फारशी तसदी आम्हां पदवीधरांनीं घेतली नाहीं.

सिंहगडावरील त्या तिरंदाजांना पहिला बाण कोठें पडला हें पाहून दुसरा सुधारतां आला नसेल. समोर केवळ अंधार आणि आवाज होता. तेव्हां भात्यांतल्या काड्या त्यांनीं आधींच, दिवसाउजेडीं एकेक सोडून पाहून, सारख्या जाणाऱ्या तेवढ्याच बरोबर घेतलेल्या असल्या पाहिजेत.