मोटारीच्या तेलाचें बूच

यंत्राला तेल घालण्याची रीत जितकी जुनी आहे, तितकी यंत्रांतून तेल काढण्याची नाहीं. वाफेच्या यंत्रांच्या काळांत एकदां घातलेलें तेल खर्चींच पडत असे. १८७२ सालीं एलायजा मॅकॉय या कृष्णवर्णीय यंत्रज्ञानें, वाफेचें इंजिन चालू असतांनाच त्याला थोडें थोडें तेल पुरविणारें पात्र शोधून काढलें. इंजिन थांबवून तेल घालीत बसण्याचा खोळंबा त्यामुळें वांचला. परंतु तें तेलही वाफेबरोबर निघून जाई. जें उरतच नाहीं, तें काढावयाचें कसें हा प्रश्नही उद्भवत नाहीं.

तो प्रश्न उभा केला मोटारीनें. तेंच तेल इंजिनाच्या तळाशीं सांठवावें व पुनः पुन्हां फिरवावें, अशी पद्धत तिच्यांत रूढ झाली. तळाच्या या पात्रास आपल्याकडील मिस्त्री 'चेंबर' म्हणतात. फिरतां फिरतां तेलांत काजळी, धातूचा चुरा, इंधनाचा अंश व पाणी हीं मिसळतात, आणि जें तेल झीज थांबविण्यासाठीं घातलें, तेंच कालांतरानें झीज वाढवूं लागतें. म्हणून चेंबरच्या तळाला एक भोंक व त्यांत आट्यांचें बूच आलें.

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांत १९०८ ते १९२७ पर्यंत तयार झालेल्या 'मॉडेल टी' मोटारीचें उदाहरण या बाबतींत पाहण्यासारखें आहे. तिच्या इंजिनांत तेलाचा पंप नव्हता आणि गाळणीही नव्हती. फिरणारें जड चाक तेल उडवी व तें एका नळीवाटे पुढें जाई. तेल किती आहे हें कळण्यासाठीं मागील बाजूस एकीखालीं एक अशा दोन लहान तोट्या असत. तेलाची पातळी या दोन तोट्यांच्या मधें असावी, असा नियम होता. नव्या मोटारीचें तेल पहिल्या ४०० मैलांनंतर व पुढें सुमारें दर ७५० मैलांनीं काढून टाकावें, असें मालकाच्या पुस्तिकेंत सांगितलेलें होतें. म्हणजे हातानें उघडणारी तोटी या मोटारीला अपरिचित नव्हती. तथापि सर्व तेल बाहेर काढण्याचें काम मात्र तळाच्या बुचावरच सोंपविलेलें होतें.

१५ एप्रिल १९२५ रोजीं याच मोटारीला मागें उघडा हौदा जोडून फोर्ड कंपनीनें ती २८१ डॉलरांस विक्रीस काढली. कारखान्यांतूनच तयार होऊन आलेल्या पिकअप गाड्यांचा इतिहास सामान्यतः येथून सांगितला जातो. हें वाहन शेतकऱ्याचें व कारागिराचें. दुरुस्तीची दुकानें दूर, म्हणून गाडीखालीं शिरून तेल काढण्याचें काम बहुधा मालकासच करावें लागे.

पुढें तेल अधिक दिवस स्वच्छ ठेवण्याचे उपाय निघाले. अर्नेस्ट स्वीटलंड यांनीं तयार केलेली तेलाची गाळणी १९२४ सालच्या क्रायस्लर मोटारीवर बसविण्यांत आली. तेलेंही सुधारत गेलीं. आज अनेक पिकअप गाड्यांचें तेल पांच ते दहा हजार मैलांनीं बदललें तरी चालतें. पण तेल बदलण्याचें टळलें नाहीं आणि बुचाची अडचणही टळली नाहीं. पोलादी बूच ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्यें वरचेवर पान्यानें आवळलें म्हणजे मऊ धातूचे आटे जातात. वायसर बदललें नाहीं तर तेल ठिबकतें. शिवाय बूच निघतांच कढत तेल हातावर येतें तें निराळेंच.

या त्रासांतून झडपेची कल्पना पुढें आली. लहान विमानांच्या इंजिनांना तेल चटकन काढतां येणाऱ्या झडपा बसविण्याचा प्रघात आहेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपानांतील फुमोतो कंपनीनें मोटारींसाठीं अशी झडप प्रचारांत आणली. तिच्या आंत भोंक पाडलेली एक गोळी असते. खांचेंत बसलेला दांडा उचलून पाव फेरा फिरविला कीं वाट मोकळी होते. जर्मनींतील स्टालबस झडपेची रचना वेगळी आहे. तिच्यावर टोपण असतें. तें काढून नळीचा जोड आट्यांवर फिरविला म्हणजेच आंतली स्प्रिंग दबून तेल वाहूं लागतें.

पिकअपसाठीं अशी झडप निवडतांना पहिली गोष्ट पाहावयाची ती आट्यांची. टोयोटाच्या अनेक इंजिनांत १२ मिलिमीटर व्यासाचे आटे १.२५ मिलिमीटर अंतरानें असतात, तर जनरल मोटर्सच्या कित्येक इंजिनांत त्याच व्यासाचे आटे १.७५ मिलिमीटर अंतरानें असतात. व्यास जुळला म्हणून जोर करून झडप बसविली, तर चेंबरच निकामी होतें. दुसरी गोष्ट लांबीची. बूच चेंबरला चिकटून असतें, झडप खालीं लोंबते. शेतांत किंवा दगडधोंड्यांच्या वाटेवर जाणाऱ्या गाडीला आंखूड झडप किंवा तळाखालीं संरक्षक पत्रा हवा. तिसरी गोष्ट वेगाची. झडपेचें भोंक बुचाच्या भोंकाहून अरुंद असल्यानें तेल सावकाश वाहतें आणि तळाशीं थोडा गाळ राहूं शकतो. म्हणून तेल कोमट असतांना काढणें बरें. नळी जोडण्याची सोय असली तर तेल थेट डब्यांत जातें. ही सोय केवळ हात स्वच्छ ठेवण्यापुरती नव्हे. एका वेळीं बदललेलें तेल दहा लक्ष गॅलन गोडें पाणी दूषित करूं शकतें, असें अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें म्हटलें आहे.

खुद्द कारखानदारांनींही आतां आट्यांचा आग्रह सोडलेला दिसतो. फोर्डच्या २०१५ च्या एफ-१५० पिकअपमध्यें २.७ लिटर इंजिनाचें चेंबर प्लास्टिकच्या जातीचें असून त्याचें बूच थोडें फिरवून निघतें. आट्यांची झडप तेथें बसतच नाहीं.

या सर्व इतिहासांत उघडण्याची सोय वाढत गेली, तसतशी मिटण्याची काळजी अधिक घ्यावी लागली आहे. तेल काढण्यास पंधरा मिनिटें अधिक लागलीं तर फारसें बिघडत नाहीं. पण चालत्या गाडीचें तेल वाटेंत गळून गेलें, तर कांहीं मिनिटांत इंजिन जाम होतें, आणि त्या गाडीवर ज्याचें पोट आहे त्याचा धंदाही थांबतो. म्हणून झडप घेणाऱ्यानें ती किती लवकर उघडते हें मागाहून पाहावें. दांडा खांचेंत पक्का बसतो कीं नाहीं, त्यावर अडकवण आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. झडप वर्षांतून एकदोनदांच उघडावयाची असते. मिटून मात्र तिला हजारों मैल राहावयाचें असतें.