श्रीमंतांचा म्हटला गेलेला वात



बचत गटाच्या बैठकीत हिशोब संपला की दुखण्यांच्या गोष्टी निघतात. गुडघा असो, टाच असो, आपण सगळ्यालाच ‘वात’ म्हणतो. त्यातल्याच एका आजाराचा, गाऊटचा, इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. रात्री बरी झोपलेली बाई पहाटे उठते तर पायाचा अंगठा लाल, गरम, सुजलेला. गोधडीचा स्पर्शही सोसवत नाही.

चरकसंहितेत याच्याशी जुळणारा आजार ‘वातरक्त’ नावाने आहे. त्याचंच दुसरं नाव ‘आढ्यवात’. आढ्य म्हणजे धनवान. युरोपातही हा मांस खाणाऱ्या, दारू पिणाऱ्या बड्या पुरुषांचा आजार समजला जाई. मग कष्टकरी बाईच्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघून गाऊटची शंका कोणाला येणार?

ग्रीसमधल्या हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात सुमारे २४०० वर्षांपूर्वी एक निरीक्षण नोंदलं गेलं: पाळी चालू असेपर्यंत बाईला हा आजार होत नाही. त्याचं कारण आज कळलं आहे. पाळीच्या वयातलं संप्रेरक मूत्रपिंडाला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. पाळी गेल्यावर ही मदत कमी होते. म्हणून चाळिशी-पन्नाशीनंतर आपण सावध राहायचं.

युरिक ॲसिडचा शोधही हळूहळू लागला. १७९७ साली वुलस्टनला ते गाऊटच्या गाठीत सापडलं. १८४८ साली लंडनच्या गॅरॉड या डॉक्टरांनी ते रुग्णांच्या रक्तात वाढलेलं दाखवलं. त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात साचतात आणि दुखणं भडकतं.

पुढची गोष्ट एका बाईची. अमेरिकेतल्या गर्ट्रूड एलियन रसायनशास्त्र शिकल्या, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत काम मिळेना. काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं. १९४४ साली त्यांना औषध कंपनीत संशोधनाचं काम मिळालं. तिथं हिचिंग्ज यांच्यासोबत त्यांनी घडवलेल्या औषधांत ॲलोप्युरिनॉल होतं. ते शरीरात युरिक ॲसिड कमी तयार होऊ देतं. १९६६ पासून ते अमेरिकेत गाऊटसाठी मिळू लागलं आणि १९८८ साली दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या इतिहासातून एक गोष्ट पदराला बांधून ठेवा: भडका शमवणं वेगळं आणि युरिक ॲसिड कमी ठेवणं वेगळं. भडका उठला की पाय उंच ठेवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, चोळू नका, डॉक्टरांकडे जा. ताप असेल तर त्याच दिवशी जा. दुकानातून वेदनाशामक गोळी मनाने आणू नका; मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर ती घातक ठरू शकते. ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर दुखणं थांबलं म्हणून किंवा भडका उठला म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही युरिक ॲसिड वाढतं; कुठल्या गोळ्या चालू आहेत ते तपासणीच्या वेळी सांगा.

खाण्यात दारू, कलेजी, जास्त मटण आणि गोड थंड पेयं कमी करा. डाळ-पालक बंद करायची गरज नाही. घरात सगळ्यांना वाढून स्वतःच्या ताटातली डाळ तेवढी कमी करणाऱ्या मैत्रिणींनी हे नक्की ऐकावं.