टिंबामागे लपलेलं

परवा ताई बाबांचा जुना पेनड्राइव्ह घेऊन आली. २००९ साली बाबांनी गावाकडच्या आठवणी एका बोटाने टाईप करून त्यात ठेवल्या होत्या. उघडला, तर एकही फाइल नाही! ताईचा चेहरा एवढासा झाला. पण प्रॉपर्टीज बघितल्या तर जागा मात्र भरलेली. म्हटलं, थांब, रडू नकोस. माल आत आहे, नुसता दिसत नाहीये.

ही 'लपवलेली फाइल' भानगड मुळात एका आळसातून आली. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं तेव्हाची गोष्ट. प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खुणेच्या नोंदी असत: एक टिंब म्हणजे 'इथे', दोन टिंबं म्हणजे 'वरच्या घरात'. यादी दाखवणाऱ्या 'एलएस'मध्ये त्या उगीच मध्ये येत. केन थॉम्प्सन किंवा डेनिस रिची, दोघांपैकी कोणीतरी तपासणी घातली: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. पूर्ण नाव तपासायचा कंटाळा, दुसरं काय! त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाइल गायब व्हायला लागली. मग प्रोग्रॅम आपल्या सेटिंगच्या फायली तिथेच दडवू लागले. रॉब पाइकने २०१२ साली हा किस्सा लिहिला, तोही चांगला वैतागून.

डॉसवाल्यांनी मात्र विचार करून लपवलं. १९८१च्या आयबीएम पीसीपासूनच फाइलच्या नोंदीत 'हिडन' आणि 'सिस्टिम' अशा खुणा होत्या, माणसाने चुकून महत्त्वाचं काही पुसू नये म्हणून. म्हणजे काळजीपोटीच. पुढे पेनड्राइव्हवरच्या व्हायरसांनी नेमक्या याच खुणा लोकांच्या फोल्डरांना लावल्या आणि त्यांच्या जागी आपले शॉर्टकट ठेवले. सायबर कॅफेत ज्याने पेनड्राइव्ह लावला त्याला हे नव्याने सांगायला नको :-)

तर, फोल्डर ऑप्शन्समध्ये 'लपवलेल्या फायली दाखवा' केलं. तरी काही नाही! व्हायरस दोन्ही खुणा लावतो, त्यामुळे 'सिस्टिमच्या संरक्षित फायली लपवा' याची टिकही काढावी लागते. ती काढली आणि फिकट पिवळा फोल्डर उगवला.

नाव होतं 'विहीर'. ताईने पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. प्रत्येक पूर्णविरामाआधी बाबांनी एक जागा सोडलेली होती. मी ती काढणार नाहीये.